तीनशे कोटी वर्षांचा कट्टा

लालबागेत शिरून थोडं चाललं की समोर एक उघडाबोडका खडक दिसतो. बंगळूरकर त्याला टेकडी म्हणतात. खरं तर तो एकच अखंड पाषाण आहे. करडा, मधूनच गुलाबी, अंगावर गडद पट्टे असलेला, आणि माथ्यावर केंपेगौडांच्या नावाचा छोटा बुरूज. १९१६ साली म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातल्या स्मीथ या शास्त्रज्ञाने याच पाषाणाच्या अभ्यासावरून ‘पेनिन्सुलर नाईस’ हे नाव रूढ केलं. दक्षिण भारताचा फार मोठा पाया या खडकाचा आहे. वय सुमारे ३०० कोटी वर्षं. मी सोलापूरची. आमच्याकडचा काळा दगड लाव्ह्यातून घडला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली, आणि तोच आम्हाला आदिम वाटतो.

या खडकावर रोज सकाळी सहाच्या सुमारास माणसं जमतात. कुणी स्वेटर-मफलर गुंडाळून, कुणी चप्पल हातात घेऊन अनवाणी. पूर्वेकडे तोंड करून प्राणायाम करणारे, दोन्ही हात वर करून मोठ्याने हसणारे, नुसतेच दगडावर टेकून बसणारे. उजाडेपर्यंत तिथे चेहरे नीट दिसत नाहीत, आवाजच ओळखायचे. त्या आवाजांमध्ये माझी पहिली सकाळ गेली, आणि ती मला माझ्या मोठ्या बहिणीने घालवायला लावली.

फेब्रुवारीत दाजींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ताईचा फोन आला त्या दुपारीच मी सोलापूरला उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसले. कलबुर्गी, वाडी, रायचूर, गुंतकल ही स्टेशनं एरवी मला पाठ आहेत. कुठे चांगला चहा मिळतो तेही मी सांगू शकते. त्या रात्री मात्र खिडकीबाहेर काय गेलं ते मला आठवत नाही. सकाळी बंगळूरला उतरले आणि थेट रुग्णालयात. अतिदक्षता विभागात सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, दोन्ही वेळा एकेकानेच आत जायचं. दाजींचे डोळे मिटलेले, डोक्याला पट्टी, मॉनिटरवर हिरवी रेघ. डॉक्टर सभ्य होते, वेळ देऊन बोलत होते. पण “वाट पाहायची” यापलीकडे त्यांच्याकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं.

वाट पाहणं हे काम आहे असं बाहेरून वाटत नाही. बाकड्यावर बसलेल्या माणसाला त्याचं ओझं कळतं. मी ताईला आधार द्यायला गेले होते, आणि तिच्या शेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाकड्यांवर आमच्यासारखी कितीतरी घरं बसलेली. विजापूरची, हुबळीची, अनंतपूरची. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळायच्या.

एका रात्री ताई म्हणाली, “तू असं बसून राहिलीस की मला तुझीही काळजी करावी लागते. एक काम कर. त्यांच्या लालबागेतल्या मंडळींना अजून कुणी कळवलेलं नाही. ते रोज वाट बघत असतील. उद्या सकाळी जाऊन सांगून ये.”

दाजी निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे लालबागेत जायचे, हे मला माहीत होतं. जयनगरमधलं त्यांचं घर बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण ते तिथे कुणाला भेटतात, काय करतात, याची मी कधी चौकशी केली नव्हती. ताईने खूण सांगितली: “खडकावर चढायच्या वाटेजवळ, हिरवी लोकरीची टोपी घातलेले बँकवाले सर. त्यांना शोध. बाकीचे त्यांच्याभोवती असतील.”

टोपी अंधारात दिसली नाही, पण टोपीवाल्यांनीच मला हेरलं. नवखं माणूस बावरून उभं आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मी सोलापुरी कानडीत सांगायला सुरुवात केली. आमची कानडी बंगळूरकरांच्या कानाला लगेच वेगळी लागते; खडबडीत, उत्तरेकडची. माझी दोन वाक्यं होतायत तोवर माझ्याभोवती आठ-दहा माणसं गोळा झाली होती. सर म्हणाले, “आम्ही चार दिवस फोन लावतोय, बंद येतोय. काल आम्ही दोघं घरापर्यंत जाऊन आलो. कुलूप होतं.” एका वृद्ध बाईंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. सगळे त्यांना अज्जी म्हणत होते. त्यांनी दाजींबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. पहिला प्रश्न होता, “तिंडी आयता?” नाश्ता झाला का. नव्हता झाला. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात दोन इडल्या होत्या, आणि मी त्या उभ्याउभ्या खाल्ल्या.

त्या दिवसानंतर मी रोज जाऊ लागले.

लालबाग २४० एकरांची आहे. इतक्या मोठ्या बागेत एकटं राहायचं ठरवलं तर सहज राहता येतं. दक्षिणेकडे तळं आहे, काठाने पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, तिकडे गर्दी कमी. पहिले दोन-तीन दिवस मीही तिकडेच वळले. शांत जागी गेलं की मन शांत होईल अशी माझी समजूत. झालं उलटंच. तळ्याकाठी एकटी बसले की रुग्णालयातलं सगळं डोळ्यांपुढे यायचं. नळ्या, पट्टी, ती हिरवी रेघ. जीव घाबरा व्हायचा. मग मी उठून माणसं असतील तिकडे जायची. पाठीमागे कुणाचा तरी कुणाशी पेन्शनवरून चाललेला वाद, पुढे एकमेकींना रसमची कृती सांगत झपाझप चालणाऱ्या दोघी, बाजूला कुत्र्याला रागावणारा पोरगा. या वर्दळीत श्वास मोकळा व्हायचा. माझं दुःख कुणाला दिसत नव्हतं असं नाही, पण त्याच्यासाठी कुणी आपलं चालणं थांबवत नव्हतं, आणि मला त्याचीच गरज होती.

मंडळींचा एक नियम होता. सलग दोन दिवस कुणी आलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन करायचा आणि फोन लागला नाही तर घरी जायचं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्यातले तिघं गेले. त्यातल्या एकाची बातमी महिन्याने कळली. तेव्हापासून हा नियम. त्या लाटेत बंगळूरने फार सोसलं, स्मशानांपुढे रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या होत्या. सर ते सांगताना एकेक शब्द जपून वापरत होते. बाग पुन्हा उघडल्यावर पहिल्या सकाळी काय केलं, असं मी विचारलं. “मोजलं,” ते म्हणाले. “कोण कोण आहे ते.”

या मंडळींमध्ये सिद्धापुऱ्यातले एक शिंपीभाई होते. त्यांची दखनी आणि आमची सोलापुरातली दखनी मावसबहिणी शोभतील. “फिकर नको करो, आपा,” ते रोज म्हणायचे, आणि पुढे काही नाही. सरळ फेरीला लागायचे. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना बागेतली झाडं नावानिशी माहीत. त्यांच्यामुळे बागेचा इतिहास मला पुस्तकाबाहेर भेटला. त्या चालताचालता सांगायच्या आणि मी त्यातलं आमच्या बाजूचं मनात जोडून घ्यायची.

लालबागेची सुरुवात १७६०ची धरतात, हैदर अलीने केलेली. हे वर्ष मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने ठाऊक असतं, पानिपताच्या आधीचं म्हणून. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये हैदरचा कारभारी खंडेराव त्याच्यावर उलटला. खंडेरावाला श्रीरंगपट्टणात म्हैसूरच्या राणीचा पाठिंबा आणि मदतीला मराठ्यांची फौज. हैदर रातोरात जीव घेऊन निसटला आणि बंगळूरला आला. म्हणजे ज्या वर्षी त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती, ते वर्ष या बागेचं जन्मवर्ष मानलं जातं. पुढे टिपूने देशोदेशींची रोपं आणून बाग वाढवली. १७९१ मध्ये इंग्रजांनी बंगळूर घेतलं, १७९९ मध्ये टिपू पडला, बाग मालकामागून मालक पाहत राहिली. १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. जॉन कॅमेरॉनच्या काळात, १८८९ मध्ये, काचघराचा पाया घातला गेला. त्यानंतर आलेला गुस्ताव क्रुंबिगेल हा जर्मन माणूस तर आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होता. बंगळूरच्या रस्त्यांवर वर्षभर एकामागून एक झाडं फुलत राहावीत अशी लागवड त्याने आखली. फेब्रुवारीत गुलाबी आणि पिवळा टॅबेबुया, मग जॅकरांडा, मग गुलमोहर. रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज सकाळी रिक्षाच्या टपावर गुलाबी फुलं पडलेली असायची, ती त्याच विचाराची वारसदार.

राज्यं उलथली तरी बाग टिकली, हे खरं. पण ती आपोआप टिकली नाही. २००९ मध्ये मेट्रोसाठी बागेच्या कडेची भिंत पाडून झाडं तोडली गेली तेव्हा बंगळूरकर रस्त्यावर आले होते. आमच्या शिक्षिकाबाई त्यात होत्या. कापलेल्या बुंध्यापाशी उभं राहून आपण मोठ्याने रडलो असं त्यांनी मला सरळ सांगितलं. अलीकडे शहराखालून जाणाऱ्या बोगदा रस्त्यासाठी बागेची काही एकर जमीन मागितली गेली तेव्हाही पहिला आवाज सकाळी चालायला येणाऱ्यांचा होता. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. तिकीट काढून बघायला येणारा माणूस बाग वाचवत नाही. रोज येणारा वाचवतो. आपल्या गावांमध्ये मोकळी मैदानं आणि तळ्यांचे काठ एकेक करून जातायत ते रोज जाणारी माणसं कमी झाली म्हणून, असं माझं स्पष्ट मत आहे. सोलापुरात सिद्धेश्वर तळ्याच्या काठी मी स्वतः शेवटची निवांत कधी बसले होते ते आठवावं लागेल.

बागेतली माझी सगळ्यात जवळची ओळख मात्र चालणाऱ्यांपैकी नव्हती. खराट्याने वाळलेली पानं लोटणारी एक बाई होती, कलबुर्गीकडची, तिशी-पस्तिशीची. माझी कानडी कानावर पडताच ती थांबली आणि “अक्का, कुठल्या तुम्ही?” म्हणाली. सोलापूर म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. तिची आत्या अक्कलकोटला दिलेली. बंगळूरची कानडी तिलाही सुरुवातीला परकीच वाटली होती म्हणे. एकदा ती पानं पोत्यात भरत होती आणि पोत्याचं तोंड सारखं मिटत होतं. “जरा धरता का?” मी धरलं. मग रोजच धरू लागले. तागाचं पोतं, दोन्ही मुठींनी काठ ताणून धरायचा, ती पाटी उलटी करते, पानांचा कोरडा आवाज होतो, धूळ नाकात जाते, ती पायाने दाबते, पुन्हा पाटी. रेन ट्रीची बारीक पानं खतात लवकर मुरतात, आंब्याची चिवट असतात, सिल्व्हर ओकची तर वर्ष काढतात. म्हणून ती वेगवेगळे ढीग लावायची. कुठलं पान कुठल्या पोत्यात हे मी शिकले. तेवढा वेळ माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचं. रुग्णालयात माझ्या हातांना काहीच काम नव्हतं, इथे होतं. आणि माझ्या हातून ते नीट झालं की ती “हां, भरलं” म्हणायची. त्या दोन शब्दांनी मला किती बरं वाटायचं!

शनिवारी मंडळींचं भजन असे. खडकाच्या उतारावर, सावलीच्या बाजूला गोल करून बसायचं, टाळ दोन जोड्या, पेटी नाही. पुरंदरदासांची पदं व्हायची आणि मग अज्जी म्हणायच्या, “आता अभंग.” कर्नाटकात, तमिळनाडूत भजनी मंडळं तुकोबांचे अभंग म्हणतात हे मी ऐकून होते, पण डोळ्यांपुढे कन्नड लिपीत लिहून घेतलेली अभंगाची वही ठेवून सत्तरीच्या बायका रंगून गाताना प्रथमच पाहत होते. पंढरपूर आमच्या जिल्ह्यातलं. हे कळल्यावर अज्जींनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “आमचं कुठे चुकतं ते सांग.”

‘ळ’ त्यांचा आपल्यापेक्षाही ठसठशीत. अडायचं ते ‘च’ आणि ‘ज’पाशी. ‘चांगला’मधला आणि ‘चंदन’मधला च वेगळा, ‘जग’ आणि ‘जीव’ यांतला ज वेगळा, हे कन्नड लिपीत दाखवायला सोय नाही. मग आम्ही खूण ठरवली. दातांशी घासून म्हणायच्या अक्षराखाली पेन्सिलीने टिंब. मी आख्खी वही घरी नेली. रात्री रुग्णालयातून परतल्यावर ताई आणि मी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून टिंबं देत होतो. ती अभंग वाचायची, मी सांगायची. मध्येच एका ओळीवर तिचा आवाज फुटला. दाजी आंघोळीच्या वेळी तो अभंग म्हणायचे, कन्नड हेलात, सगळे च चुकवत. दुखणं सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदा रडली. खूप वेळ रडली, आणि मग उठून पाणी पिऊन म्हणाली, “पुढचा घे.”

दुसऱ्या शनिवारी ताईच बागेत आली. मी तिला आणली नव्हती. रुग्णालयात आपल्या जागी भाच्याला बसवून ती आपणहून आली, आणि खडकावर अज्जींच्या शेजारी बसली. कुणीही “आता कसं आहे?” विचारलं नाही, ते सर रोज संध्याकाळी फोन करून विचारतच होते. भजनानंतर सगळ्यांनी आम्हाला मावळ्ळीतल्या एमटीआरमध्ये नेलं. १९२४ पासूनचं हॉटेल. रवा इडली इथली. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा रव्याची करून पाहिली, अशी त्यांची कथा. ताईने ती संपवली, वर कॉफीही घेतली. कितीतरी दिवसांनी ती ताटातलं सगळं संपवत होती. शिंपीभाईंनी बिल कुणालाही दिसू दिलं नाही.

दाजींनी डोळे उघडले ते मार्चच्या सुरुवातीला. ओळखलं ताईला, मला नाही. पुढे मलाही ओळखलं. उजवा हात हलायला लागला, डावी बाजू लुळीच राहिली. अतिदक्षता विभागातून वॉर्डात, वॉर्डातून घरी. घरी आल्यावर ते कुणाशी धड बोलत नसत. फिजिओथेरपिस्ट येई, त्याच्याशीही सहकार्य नाही. आयुष्यभर पायांवर चाललेल्या माणसाला दोघांनी उचलून कमोडवर बसवायचं म्हणजे काय होत असेल! आम्ही समजावून थकलो.

त्यांना बागेत न्यायची कल्पना सरांची. मंडळींनी चर्चा करून वाट ठरवली होती. खडक नाही, चढ आहे. काचघराच्या भोवतीचा रस्ता सपाट, तिथे व्हीलचेअर चालते. शिक्षिकाबाई आदल्या दिवशी स्वतः फिरून कुठे उंचवटा आहे, कुठे खड्डा, ते पाहून आल्या होत्या. दाजी आधी नाही म्हणाले. कुणी बघू नये असं वाटत होतं त्यांना. अज्जींनी घरी येऊन त्यांना चक्क दरडावलं, धाकट्या भावाला दरडावावं तसं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

काचघराजवळ सगळे उभे होते. दाजी मान खाली घालून बसलेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी फुलं दिली नाहीत. शिंपीभाईंनी खुर्ची ताईच्या हातून घेतली आणि चालायला लागले, बाकीचे नेहमीसारखे दुतर्फा. पेन्शनचा वाद जिथे राहिला होता तिथून सुरू झाला. अर्ध्या फेरीत दाजींनी मान वर केली आणि वाकड्या झालेल्या ओठांनी, अडखळत, सरांचा आकडा चुकलाय असं सांगितलं. बराच वेळ घासाघीस झाली. आकडा खरंच चुकला होता.

आता त्यांना आधार घेऊन एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत चालता येतं. बाकांमधलं अंतर सारखं नाही, त्यामुळे रोज कुठपर्यंत गेलो यावर बोलायला विषय मिळतो. डावा हात अजून साथ देत नाही. देईल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. ताई रोज त्यांच्याबरोबर जाते. पोत्याचं तोंड हल्ली ती धरते.

मी सोलापूरला परत आले आहे. शनिवारी सकाळी सरांच्या फोनवरून भजन ऐकते आणि च-ज दुरुस्त करते. मंडळींना यंदा आषाढीच्या आसपास पंढरपूरला यायचंय, गर्दीच्या आधी चार दिवस, दाजींसकट. व्हीलचेअर दर्शनाला कुठपर्यंत नेता येते, कुठल्या धर्मशाळेत तळमजल्यावर खोल्या मिळतात, याची यादी अज्जींनी मागितली आहे. पंधरा माणसं आहेत. सहा जणांची सोय आमच्याकडे सोलापुरात होईल; बाकीच्यांसाठी या रविवारी मी पंढरपूरला जाऊन बघून येणार आहे.